‘रन’ हे इंग्रजी क्रियापद मुळापासून कसं शिकावं : ठाणे-नवी मुंबईतल्या नवख्यांसाठी

शाळा मराठीतून झाली आणि आता ऐरोली, महापे किंवा वागळे इस्टेटच्या ऑफिसात दिवसभर इंग्रजी मेल वाचावे लागतात, अशांसाठी हा लेख आहे. मुलांचा इंग्रजी माध्यमाचा अभ्यास घेणाऱ्या आईवडिलांसाठी आहे. आणि शब्द कुठून आला हे खणून काढायची ज्यांना हौस आहे, त्यांच्यासाठी तर आहेच.

इंग्रजी शिकताना माणूस अडतो तो लांबलचक शब्दांपाशी नाही. ‘फोटोसिंथेसिस’चा अर्थ एकच, एकदा कोशात पाहिला की काम झालं. अडायला होतं ते पहिलीच्या पुस्तकातल्या शब्दांपाशी. ‘रन’ म्हणजे धावणे, हे कोणाला माहीत नाही? पण मग नाक ‘रन’ होतं, दुकान ‘रन’ करतात, रंग ‘रन’ होतो, नळ ‘रनिंग’ असतो, नाटकाचा ‘रन’ असतो. ऑक्सफर्डच्या मोठ्या इतिहासकोशाची १९८९ सालची आवृत्ती निघाली तेव्हा सर्वाधिक अर्थांचं क्रियापद ‘सेट’ होतं. नव्या आवृत्तीच्या कामात ‘रन’ने त्याला मागे टाकलं आणि २०११ मध्ये त्याच्या अर्थांचा आकडा ६४५ असल्याचं प्रसिद्ध झालं. हे एक क्रियापद लावायला तिथले संपादक पीटर गिलिव्हर यांना नऊ महिने लागले.

६४५ अर्थ पाठ करायचे नसतात. यादी पाठ करून क्रियापद येत नाही, हे मी कळकळीने सांगतो. ‘रन’ला दोनच गोष्टी विचारायच्या: पुढे कर्म आहे का, आणि काय वाहतंय. उरलेलं बहुतेक सगळं त्यातून सुटतं. कसं, ते पायरीपायरीने बघू.

साहित्य

एक वही. एक लर्नर्स डिक्शनरी, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेला कोश. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोघांचेही इंटरनेटवर फुकट बघता येतात. इंग्रजी-मराठी कोश जवळ असावा, पण त्याने सुरुवात करू नका. तो प्रत्येक अर्थाला वेगळा मराठी शब्द देतो, आणि त्यामुळे एकाच झाडाच्या फांद्या पंधरा वेगवेगळी झाडं वाटू लागतात. शब्दाचं मूळ बघायला एटिमऑनलाइन हा व्युत्पत्तिकोश पुरे. ठाण्यात राहत असाल तर १८९३ मध्ये स्थापन झालेलं मराठी ग्रंथसंग्रहालय आपल्याच गावात आहे. तिथे जाऊन मराठी शब्दकोश चाळायची सवय लावा. त्याचा उपयोग चौथ्या पायरीवर होईल.

पहिली पायरी : आठवडाभर नुसतं वेचा

कोश उघडायचा नाही. डोळे आणि कान उघडे ठेवायचे. जिथे ‘रन’ दिसेल, ऐकू येईल, तिथलं पूर्ण वाक्य वहीत उतरवायचं. नुसता शब्द नाही, वाक्य. कोण ‘रन’ करतंय आणि ‘रन’च्या पुढे काय आलंय, या दोन गोष्टींखाली रेघ मारायची.

आपल्या भागात हे पीक भरपूर आहे. ठाणे स्टेशनात उद्घोषणा होते, अमुक गाडी ‘इज रनिंग लेट’. ऑफिसात टीम लीड म्हणतो, ‘स्क्रिप्ट रन कर’. एचआरच्या मेलमध्ये ‘पेरोल रन’ असतो. सर्दीच्या औषधाच्या खोक्यावर ‘रनी नोज’ छापलेलं असतं. भाजी ‘रनिंग वॉटर’खाली धुवा, असं पाकिटावर लिहिलेलं असतं. आता नवी मुंबईचा विमानतळ झाल्यामुळे ‘रनवे’ हा शब्दही रोजच्या बोलण्यात आलाय. गंमत म्हणजे विमानं उडायच्या कितीतरी आधी अमेरिकेत ‘रनवे’ हा शब्द हरणांसारख्या जनावरांच्या नेहमीच्या वाटेला वापरत असत.

मराठी बोलण्यात मिसळून गेलेले ‘रन’ही सोडू नका. घणसोलीत फॅब्रिकेशनच्या दुकानात हा संवाद कधीही ऐकायला मिळेल:

“काकू, रेलिंग रनिंग फूटवर जाईल.”

“म्हणजे उंचीचे वेगळे पैसे नाहीत ना?”

“नाही हो. उंची तीन फूट धरलीय. पैसे फक्त लांबीचे.”

इथे धावत कोणीच नाही. रेलिंग जागेवर ठोकलेलं आहे. तरी ‘रनिंग’ का? कारण मोजणाऱ्याची नजर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ जाते. कुंपण रस्त्याच्या कडेने ‘रन’ होतं, पाइपलाइन शेतातून ‘रन’ होते, ते याच अर्थाने. ‘पाम बीच रोड खाडीच्या कडेने जातो’ असं आपण म्हणतो तेव्हा आपणही तेच करतो. रस्ता काही कुठे जात नाही. हे वाक्य वहीत ठळक लिहून ठेवा, तिसऱ्या पायरीवर लागेल.

दुसरी पायरी : पुढे कर्म आहे का?

आता वहीतली वाक्यं दोन गठ्ठ्यांत टाका. ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून इथे थोडं थांबू.

‘द सर्व्हर इज रनिंग’ आणि ‘अमित इज रनिंग द सर्व्हर’. पहिल्यात ‘रन’च्या पुढे काही नाही, सर्व्हर आपला चालतोय. दुसऱ्यात पुढे ‘द सर्व्हर’ हे कर्म आहे. अमित तो चालवतोय. चालणे आणि चालवणे. मराठीत हा फरक क्रियापदाच्या पोटातच असतो. एक ‘व’ मध्ये घातला की करणारा बदलतो: पळणे-पळवणे, फिरणे-फिरवणे, बसणे-बसवणे. इंग्रजीत ‘रन’चं रूप दोन्हीकडे तेच राहतं. म्हणून आपण गोंधळतो, आणि म्हणूनच वाक्यात कर्म शोधायची सवय लागली की निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

इंग्रजीत हे आधीपासून असंच नव्हतं. जुन्या इंग्रजीत धावण्या-वाहण्यासाठी ‘इर्नन’ होतं आणि धाववण्यासाठी, घोडा दौडवण्यासाठी ‘अॅर्नन’ असं वेगळं क्रियापद होतं. जर्मन भाषेने आपली जोडी आजही जपली आहे, फक्त तिथे अर्थ वेगळ्या वाटेने गेले: ‘रिनेन’ म्हणजे पाझरणे, वाहणे आणि ‘रेनेन’ म्हणजे धावणे. इंग्रजीत मात्र काळाच्या ओघात दोन्ही क्रियापदं एकमेकांत मिसळली आणि एकाच ‘रन’वर दोघांचा भार आला. ६४५ अर्थांमागचं हे एक मोठं कारण आहे.

अशा काही जोड्या इंग्रजीत अजून शिल्लक आहेत. ‘सिट’ म्हणजे बसणे, ‘सेट’ म्हणजे बसवणे. ‘लाय’ म्हणजे पडून राहणे, ‘ले’ म्हणजे आडवं ठेवणे. ‘राइज’ म्हणजे उठणे, ‘रेज’ म्हणजे उठवणे. ‘फॉल’ म्हणजे पडणे, तर झाड पाडण्याला ‘फेल’. ही जोड्यांची युक्ती संस्कृतात ‘चलति-चालयति’ अशी दिसते, आणि इंग्रजीच्या पूर्वज भाषेतला प्रत्यय आणि संस्कृतातला हा ‘अय’ मुळात एकच आहेत. मराठी शाळेतलं प्रयोजक क्रियापद ज्यांना आठवतं, त्यांच्यासाठी ही पायरी अर्धी चढून झालेली आहे.

एक सावधगिरी. ‘चालवणे’ दिसलं की ‘रन’ ठोकून द्यायचं नाही. दुकान, क्लास, कॅन्टीन, महिला मंडळ, कंपनी: ‘रन’. पण मोटार हातात धरून चालवतो ती ‘ड्राइव्ह’. सायकल, स्कूटर ‘राइड’. ‘ही रन्स अ टॅक्सी’ म्हटलं तर टॅक्सी त्याची आहे, तो धंदा त्याचा आहे, असा अर्थ होतो. स्टिअरिंगवर दुसराच कोणी बसलेला असू शकतो. आख्खा गाडा सुरू ठेवणं म्हणजे ‘रन’, आणि प्रत्यक्ष हाकणं म्हणजे ‘ड्राइव्ह’. पंखा ‘चालू’ करायचा असेल तर ‘टर्न ऑन’ किंवा ‘स्विच ऑन’. ‘रन द फॅन’ म्हणजे तो चालू ठेवा. मुलाखतीत ही गल्लत फार होते, म्हणून या वाक्यांचा सराव मोठ्याने करा.

तिसरी पायरी : काय वाहतंय ते शोधा

आपण शाळेत ‘रन’ची ओळख धावणाऱ्या मुलाच्या चित्राने करून घेतो. ते चित्र जरा बाजूला ठेवा आणि त्या जागी ओढा ठेवा. जुन्या काळापासून या शब्दात माणसाचं धावणं आणि पाण्याचं वाहणं दोन्ही आहे. ओढ्याचं चित्र ठेवलं की पुढचे अर्थ आपोआप रांगेत लागतात.

नाक वाहतं, नळ वाहतो, मेण वितळून ओघळतं: सगळीकडे ‘रन’. रंगीत ओढणी पहिल्यांदा धुताना पाण्यात रंग उतरतो, तो ‘रन’ होतो. ताप अंगात वाहत राहतो म्हणून ‘रनिंग अ फीवर’. घराण्यात मधुमेह असेल तर तो ‘रन्स इन द फॅमिली’, पिढ्यांमधून वाहत येतो. यंत्र अडथळ्याविना सुरू आहे तोवर ते ‘रनिंग’. गडकरी रंगायतनला एखाद्या नाटकाचे प्रयोग लागोपाठ लागत राहिले तर तो त्याचा ‘रन’. आणि ते घणसोलीचं रेलिंग? तिथे नजर वाहते.

भिवंडीकडच्या यंत्रमागवाल्यांना जवळचा वाटावा असा एक वाक्प्रचार आहे, ‘रन ऑफ द मिल’. गिरणीतून माल जसा बाहेर पडतो तसा, प्रत वेगळी न काढलेला, असा त्याचा मूळ अर्थ. त्यावरून सामान्य, नेहमीचं अशा कशालाही ते म्हणतात. गिरणीतून मालाचा ओघ बाहेर पडतोय, हे डोळ्यांपुढे आणा.

चीज करताना दूध गोठवायला जे ‘रेनेट’ घालतात, तेही याच कुळातलं. जुन्या इंग्रजीत दूध एकत्र वाहून येणं म्हणजे गोठणं.

क्रिकेटचा ‘रन’ आपल्या सगळ्यांच्या जिभेवर आहे. पूर्वी इंग्लंडात गुण काठीवर खाच पाडून मोजत, म्हणून त्यांना ‘नॉच’, म्हणजे खाच, म्हणत. २ नोव्हेंबर २०२५ ला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. त्या सामन्याची इंग्रजी बातमी शोधा आणि त्यातले ‘रन’ वेगळे काढा. अमनजोत कौरच्या थेट फेकीवर ताझमिन ब्रिट्स ‘रन आउट’ झाली, तो एक. अंतिम सामना शिकवायला फार उपयोगी पडतो, कारण वाक्य कळायच्या आधीच प्रसंग डोळ्यांपुढे असतो.

चौथी पायरी : मूळ कसं वाचायचं

व्युत्पत्तिकोशातली नोंद वरून खाली न वाचता खालून वर वाचा, म्हणजे जुन्यापासून नव्याकडे. भाषांची नावं आली की गोंधळू नका. ती स्टेशनांसारखी एकामागून एक येतात.

‘रन’च्या बाबतीत जुन्या इंग्रजीत दोन रूपं सापडतील, ‘रिन्नन’ आणि ‘इर्नन’. ‘र’ आणि स्वर यांनी जागा बदलली आहे. यात नवल नाही. आपल्याकडेही कोणी ‘चिकटणे’ म्हणतं, कोणी ‘चिटकणे’. पुढे नवव्या शतकापासून इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात स्कँडिनेव्हियातून आलेले लोक वस्ती करून राहिले. त्यांच्या बोलीतही ‘रिन्ना’ आणि ‘रेन्ना’ होतं. शेजाऱ्यांच्या बोलण्यामुळे ‘र’ने सुरू होणारं रूप पक्कं झालं. स्वर मात्र बराच काळ डळमळत होता. आज दिसणारा ‘रन’मधला स्वर आधी भूतकाळाच्या रूपांत होता, तो हळूहळू वर्तमानकाळात शिरला आणि सोळाव्या शतकापासून रुळला. म्हणून ‘रन, रॅन, रन’ अशी पहिली आणि तिसरी रूपं सारखी झाली. रूपांबद्दल एवढंच पुरे. ती पाठच करायची असतात.

त्याच्याही खाली गेलं की अभ्यासक बहुधा ‘वाहणे’ अर्थाच्या एका फार जुन्या धातूकडे बोट दाखवतात. संस्कृतातला ‘री’ हा धातू त्याच कुळातला. वेदात ‘रीति’ म्हणजे प्रवाह, ओघ. पुढे त्याचा अर्थ झाला वाट, आणि मग पद्धत. तीच आपली ‘रीत’. लॅटिनमधला ‘रिव्हुस’, म्हणजे ओढा, याच गोतावळ्यात मानतात, आणि त्यापासून इंग्रजी ‘रायव्हल’ आला: एकाच ओढ्याचं पाणी वापरणारे दोघे. बांधावरून आणि पाण्यावरून झालेली भांडणं ज्याने गावाकडे पाहिली आहेत, त्याला हा शब्द वेगळा समजावून सांगायला नको.

नवख्यांचा पाय इथेच घसरतो, म्हणून स्पष्ट सांगतो. सारखं ऐकू येतं म्हणून नातं जोडू नका. ‘रन’ आणि रणांगणातलं ‘रण’ यांचा काही संबंध नाही. कच्छचं ‘रण’ तर तिसरंच. ते संस्कृत ‘इरिण’पासून, म्हणजे खारट उजाड जमिनीपासून आलं. नातं ठरतं ते ध्वनी ठरावीक पद्धतीने बदलत गेल्याचे पुरावे अनेक शब्दांत मिळाले तर. व्हॉट्सअॅपवर ‘सगळी इंग्रजी संस्कृतातून आली’ असं काही आलं, तर आधी व्युत्पत्तिकोश उघडा. संस्कृत आणि इंग्रजी एका कुळातल्या आहेत, एकीतून दुसरी निघालेली नाही. हा फरक कळणं मला फार मोलाचं वाटतं, कारण त्याने दोन्ही भाषांचा मान राहतो.

आता मराठी कोशात ‘धाव’ बघा. ग्रंथसंग्रहालयात जायला मी याचसाठी सांगितलं. धाव म्हणजे पळणं. धाव म्हणजे क्रिकेटचा रन. विहिरीवर मोट ओढताना बैल ज्या उतारावरून खाली जातात, तीही धाव. बैलगाडीच्या चाकावर चढवलेली लोखंडी पट्टी, तीही धाव. संस्कृत ‘धाव्’मध्येही धावणं आणि वाहणं दोन्ही आहे. आपल्या शब्दाच्या फांद्या एकदा अशा बघितल्या की इंग्रजीचं भय उरत नाही. ‘चालणे’चंही असंच: गाडी चालते, दुकान चालतं, कात्री चालते, जुनी नोट चालत नाही, आणि विचारलं तर “चालेल!”

पाचवी पायरी : शेपटाकडे बघा

‘रन’मागे ‘आउट’, ‘इन्टू’, ‘ओव्हर’, ‘डाउन’ असं काही लागलं की ते दोन्ही मिळून एकच क्रियापद धरा आणि ओढ्याचं चित्र पुन्हा आणा. साठा वाहून बाहेर गेला, संपला: ‘वी रॅन आउट ऑफ मिल्क’. वाहता वाहता कशावर तरी आदळलो: तलावपाळीला जुना वर्गमित्र अचानक भेटला तर ‘आय रॅन इन्टू हिम’. भांडं भरून कडेवरून वाहिलं: मीटिंग ‘रॅन ओव्हर’, ठरल्या वेळेपेक्षा लांबली. पण गाडीने कोणाला ‘रन ओव्हर’ केलं तर ती दुर्घटना. तिथे पुढे कर्म आहे. दुसऱ्या पायरीचा प्रश्न इथेही विचारावाच लागतो. एखादा कागद वरून खालपर्यंत झरझर नजरेखालून घालायचा तर ‘रन थ्रू’.

‘रन बिहाइंड शेड्यूल’ ऑफिसात रोज लागेल. त्याचा अर्थ कामाच्या मागे धावणं असा नाही. काम वेळापत्रकाच्या मागे पडलंय.

निवडणुकीच्या बातम्यांत अमेरिकेत उमेदवार पदासाठी ‘रन’ करतो, ब्रिटनमध्ये ‘स्टँड’ करतो, आपल्या इंग्रजी पेपरांत बहुधा ‘कॉन्टेस्ट’ करतो. तिन्ही ओळखता आले म्हणजे झालं.

सहावी पायरी : आता बोला

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला देशातली पहिली प्रवासी गाडी आली. तिला चौदा डबे होते. या एका घटनेवर ‘रन’ वापरून पाच वाक्यं करा: गाडी धावली, रेल्वेने ती चालवली, रूळ खाडीवरच्या पुलाकडे जातात, गाडी वेळेत आहे, गाडी उशिरा आहे. एका ठिकाणी कर्म असू द्या, एका ठिकाणी काहीच हलत नसू द्या. वाक्यं लिहून झाली की लर्नर्स डिक्शनरी उघडा आणि प्रत्येक वाक्य तिथल्या कुठल्या अर्थात बसतं ते शोधा. ‘ट्रान्झिटिव्ह’ असं लिहिलेलं दिसेल तिथे सकर्मक, ‘इन्ट्रान्झिटिव्ह’ तिथे अकर्मक. कोश आत्ता उघडायचा, आधी नाही.

मग पुढचं क्रियापद ‘सेट’ घ्या. त्याचं ‘सिट’शी असलेलं नातं तुम्हाला आता माहीत आहे, आणि ‘सिट’चं नातं थेट संस्कृत ‘सद्’शी आहे, म्हणून बसणे-बसवणेपासून सुरुवात करा. अंगठीत हिरा बसवतात, घड्याळाचा गजर लावतात, नाटकाचा सेट उभा करतात, सिमेंट घट्ट होतं, सूर्य मावळतो. यातलं कुठलं वाक्य ‘बसणे’च्या गठ्ठ्यात जातं आणि कुठलं ‘बसवणे’च्या, ते आधी वहीत ठरवा.